पाण्यापलीकडच्या गावाची ग्रामपंचायत: नकाशापासून ठरावापर्यंत कसं जायचं

यात्रेला गावी गेलो की दरवर्षी तीच चर्चा, रस्ता का होत नाही, साकव का होत नाही, नळाला पाणी का नाही, आणि दोन दिवसांनी सगळे परत नवी मुंबईत, कोपरखैरणे-घणसोलीला, मग पुढच्या यात्रेपर्यंत विषय तिथंच. आपल्यातल्या बऱ्याच पोरांना आपली वाडी कुठल्या ग्रामपंचायतीत येते, त्या पंचायतीत अजून किती वाड्या आहेत, आपला वॉर्ड कुठला, हे विचारलं तर सांगता येत नाही. मलाही सहा-सात वर्षांपूर्वी येत नव्हतं. तेव्हापासून जे धडपडत शिकलो ते एका जागी लिहून ठेवतोय. डोळ्यासमोर कांदाटी खोरं आहे, म्हणजे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पश्चिमेची आपली गावं, पण जिथं घरं कमी आणि अंतर जास्त अशा कुठल्याही डोंगरी पंचायतीला यातलं बरंचसं लागू होईल.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. सरकार माणसं मोजतं, आपली अडचण अंतराची आहे. अंतर कुठल्याच रजिस्टरला आपोआप चढत नाही, ते आपल्याला चढवावं लागतं.

आधी जमीन बघा

कोयना महाबळेश्वरला उगम पावून दक्षिणेला वाहते, तापोळ्याजवळ तिला सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात आणि खाली कोयनानगरला धरण. १९६० च्या दशकात धरण झालं आणि मागं पन्नासेक किलोमीटर पाणी पसरलं, आज साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. ज्या सपाट जागेवरून जुन्या वाटा जायच्या, बाजार भरायचे, ती सगळी पाण्याखाली गेली. जे उठले ते ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत विखुरले, जे राहिले ते वर सोंडांवर आणि पठारांवर सरकले. म्हणून आपल्याकडं चार घरं इथं, सात घरं पलीकडच्या दंडावर, धनगरवाडा आणखी वर, अशी वस्ती आहे. नीट बसवलेलं गावठाण फार थोड्या ठिकाणी दिसेल.

आता गंमत नाही, खरी अडचण बघा. तालुका महाबळेश्वर, जिल्हा सातारा. तहसील, पंचायत समिती सगळं पूर्वेला, पाण्याच्या पलीकडं. तापोळ्यापर्यंत लाँच, तिथून वर महाबळेश्वर पंचवीसेक किलोमीटर घाटरस्ता. पण शिंदी, वळवण, अकल्पे या बाजूच्या माणसाला रघुवीर घाट उतरून खोपीवरून खेडला जाणं सोपं पडतं, म्हणजे चक्क रत्नागिरी जिल्ह्यात. बाजार, दवाखाना, कितीतरी सोयरिकी कोकणात, आणि दाखला हवा असला की साताऱ्यात. चकदेवच्या शिड्यांवरून तर पिढ्यानपिढ्या लोक डोक्यावर ओझं घेऊन कोकणात उतरलेत. पावसाळ्यात रघुवीर घाटात दरड आली की तीही वाट बंद. तापोळा-अहिर पुलाचं काम निघालंय, त्यानं मधल्या गावांचं चित्र बदलेल, पण शेवटच्या वाडीला पुलापर्यंत यायला चालावंच लागणार.

तर पहिलं काम, नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साईटवरून १:५०,००० चे नकाशे पीडीएफमध्ये फुकट मिळतात, फक्त लॉगिन करावं लागतं. त्यावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. तपकिरी रेषा दिसतात त्या उंचीच्या, दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक, म्हणजे वाडीपासून काठापर्यंत २० रेषा ओलांडल्या तर ४०० मीटर चढउतार झाला. प्रिंट काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा आणि पेन त्यांच्या हातात द्या. माझ्या चुलत्यांनी अर्ध्या तासात तीन ओढे, दोन झरे आणि एक बुजलेली पाऊलवाट दाखवली जी नकाशावर नव्हतीच. ते सांगत होते, इथं बायका पाण्याला जातात, इथं मार्चनंतर पाणी आटतं, इथं जुलैमध्ये ओढ्याला पाणी आलं की पोरं शाळेत जात नाहीत. ते सगळं तिथल्या तिथं लिहून घ्या, नंतर आठवत नाही.

आणि अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, वेळेत लिहा. तेही दोन वेळा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात. धरण भरलेलं असलं की लाँच जवळ लागते, मे महिन्यात पाणी खाली गेलं की तीच लाँच खाली लांब लागते आणि गाळ तुडवत वर यावं लागतं, गुडघ्याएवढ्या चिखलातून पेशंट घेऊन कसं यायचं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. वाडी ते शाळा, वाडी ते पंचायत ऑफिस, वाडी ते लाँचचा धक्का, वाडी ते तापोळ्याचं आरोग्य केंद्र, एवढे चार वेळ प्रत्येक वाडीसाठी काढा. हा एक कागद पुढं प्रत्येक ठिकाणी कामाला येतो.

कशाला एवढं, असं वाटेल. बघा, डोंगरी भागात आरोग्य उपकेंद्राचा निकष ३,००० लोकसंख्येला एक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा २०,००० ला एक. आपल्या अख्ख्या काठावर तेवढी माणसं गोळा करायची म्हटली तरी मारामार. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत पाहिजे आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत, पण नकाशावर पाण्यावरून सरळ रेघ मारली की समोरच्या काठावरची शाळा ‘जवळ’ निघते. म्हणून वेळ लिहायची.

कागदावर तुमची वाडी आहे का?

इथं बहुतेक जण गोंधळतात, तर सावकाश वाचा. महसुली गाव वेगळं, ग्रामपंचायत वेगळी, वाडी वेगळी. महसुली गाव म्हणजे ज्याचा स्वतःचा गाव नकाशा आणि सातबारे आहेत ते, ते तलाठ्याकडं, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. ग्रामपंचायत एका किंवा जास्त महसुली गावांची मिळून असते, दोन-तीन गावं मिळून असली तर गट ग्रामपंचायत, आणि ती ग्रामसेवकाकडं, ज्यांचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय. वाडी किंवा धनगरवाडा मात्र पुष्कळदा कुठल्याच यादीत स्वतंत्र नसतो, तो कुठल्यातरी महसुली गावाच्या पोटात असतो.

तपासायचं कसं तर केंद्र सरकारची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी नावाची साईट आहे, एलजीडी म्हणतात, तिथं राज्य, जिल्हा, तालुका निवडला की प्रत्येक ग्रामपंचायतीला कोड नंबर आणि तिच्यात कुठली महसुली गावं येतात ते दिसतं. गाव नकाशा महाभूनकाशावर, सातबारा महाभूलेखवर. घराचा उतारा म्हणजे पंचायतीचा नमुना ८, तो पंचायतीतूनच काढायचा, त्यात घर नंबर, कोणाच्या नावावर, किती घरपट्टी हे सगळं असतं. मुंबईला राहणाऱ्यांनी हा नमुना ८ एकदा तरी काढून बघावा, आजोबांच्या नावावर अजून घर आहे आणि कोणी वारस लावलेच नाहीत असं आपल्याकडं सर्रास आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते, त्यातून मिळकत पत्रिका मिळते, पण मोजणी गावठाणाची, त्यामुळं गावठाणाबाहेर रानात असलेल्या घरांचं काय झालं ते वेगळं विचारा.

वाडीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा मागता येतो, जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४ खाली. काम लांबणारं आहे. माझं मत विचाराल तर त्याच्या मागं लागण्याआधी वाडीचं नाव ग्रामसभेच्या प्रत्येक ठरावात आणि विकास आराखड्यात यायला लागेल एवढं बघा.

पंचायत चालते कशी

कायदा १९५८ चा, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम. सदस्य कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७. लोकसंख्या १,५०० च्या आत असली की ७, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक पंचायती ७ वाल्या. वर सरपंच थेट जनतेतून, निम्म्या जागा बायकांसाठी राखीव, मुदत ५ वर्षं. ७ सदस्य म्हटल्यावर साधारण ३ वॉर्ड पडतात, एका वॉर्डात दोन किंवा तीन सदस्य. आता एका वॉर्डात एक मोठी वाडी आणि तीन बारक्या वाड्या असल्या की सदस्य मोठ्या वाडीतलेच निवडून येणार हे सरळ आहे, त्यात कोणाचा दोष नाही, आकडाच तसा. म्हणून वॉर्डरचना जाहीर होते तेव्हा हरकत घ्यायची मुदत असते, ती सोडू नका. कुठल्या वाडीला ओढा ओलांडून दुसऱ्या वॉर्डात टाकलंय का ते आपल्या वेळेच्या कागदाशी ताडून बघा आणि असेल तर लेखी हरकत द्या.

ग्रामसेवक एकच, आणि त्याच्याकडं दोन-दोन, तीन-तीन पंचायती. तो कुठल्या वारी येतो हे फोन करून विचारून मगच जा. चांगला ग्रामसेवक मिळाला तर त्याला सांभाळा खरंच, लाँचचं टायमिंग सांभाळून भर पावसात दप्तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून येणारी माणसं मी पाहिलीत.

पैशाचं थोडक्यात. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती ही पंचायतीची स्वतःची कमाई, सव्वाशे घरांच्या पंचायतीत ती किती येणार, तुम्हीच विचार करा, आणि निम्मी घरं कुलूपबंद. मोठा पैसा वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती, जिल्हा परिषदेला १०-१० टक्के अशी वाटणी होती, आणि आलेल्या पैशातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, उरलेला ४० टक्के पंचायतीच्या गरजेप्रमाणे. २०२६ पासून १६ व्या आयोगाचा काळ सुरू होतो. पण वाटप मुख्यतः लोकसंख्येवर, आणि १५ व्या आयोगात ती २०११ च्या जनगणनेची होती. बघितलंत, पुन्हा माणसांचीच मोजणी. किती पैसे आले, कशावर गेले हे ई-ग्रामस्वराज साईटवर दिसतं, मंजूर आराखडा आणि खर्चाची व्हाउचरं दोन्ही. कोपरखैरण्यात बसून मोबाईलवर बघता येतं, मी दर तीन महिन्यांनी बघतो.

ग्रामसभा, खरं काम इथं

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर धरून. सात दिवस आधी नोटीस. त्याच्या आधी महिलांची वेगळी सभा आणि वॉर्डसभा. सभा बोलवायला कसूर केली तर कलम ७ खाली सरपंचपद जाऊ शकतं, हे माहीत असावं, धमकी द्यायला नाही, पण माहीत असावं.

कोरमचं, म्हणजे सभेला लागणाऱ्या कमीत कमी हजेरीचं गणित महत्त्वाचं. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यातला जो आकडा कमी तो. समजा ३८० मतदार, तर ५७ माणसं पाहिजेत. ३८० मधले दीडशे-दोनशे मुंबईत, उरलेले म्हातारे, आणि १५ ऑगस्टला पाऊस असा की शेजारचं घर दिसत नाही. कोरम भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची गरज नसते, मग पंधरा-वीस माणसांत सगळं ठरतं, तेही ऑफिसच्या जवळच्या वाडीतल्या. कोणी मुद्दाम करतं असं नाही, तुमची वाडी दीड तास लांब आहे म्हणून होतं. उपाय असा की गट ग्रामपंचायतीत सभा आळीपाळीनं वेगवेगळ्या गावांत घ्यायची असते, ते लेखी मागा. आणि महिलांची सभा वाडीवर घ्या म्हणून मागा, कारण पाण्याचा विषय बायकांइतका नेमका कोणी मांडत नाही.

मुंबई मंडळाबद्दल, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांच्या मंडळाबद्दल एक बोलतो, कोणाला राग येऊ नये. मंडळानं देवळं बांधली, पाईपलाईन आणल्या, लाँचच्या पेशंटला पैसे पाठवले, हे सगळं खरं. पण ज्याचं मतदार यादीत नाव मुंबईत आहे तो ग्रामसभेचा सभासद नाही, आणि दोन्हीकडं नाव ठेवणं कायद्यात बसत नाही. तेव्हा मंडळात ठरलं म्हणजे गावात ठरलं असं धरू नका. मंडळानं कागद तयार करावेत, नकाशा, वेळा, अर्जाचा मसुदा, आणि बोलू द्यावं गावात राहणाऱ्यांना.

ठराव कसा लिहायचा, हे नीट वाचा

हा माझ्या घरचा अनुभव आहे. आमच्या एका वाडीला अकरा घरं, मध्ये ओढा, पावसात चार महिने पलीकडं जायचं तर दोर धरून. मागं लागून लागून ग्रामसभेत ठराव झाला, सगळे खूश. दोन वर्षांनी साकव झालासुद्धा, पण भलत्याच ओढ्यावर, खालच्या वस्तीजवळ, जिथं आधीच मोरी होती. दप्तर उघडून ठराव वाचला तर एक ओळ, ‘वाडीजवळ ओढ्यावर साकव बांधणे’. कुठली वाडी, कुठला ओढा, काही नाही. माझी काकू त्या दिवशी रजिस्टरच्या त्या पानावर हात ठेवून बराच वेळ बसली होती, खाली तिचा अंगठा होता, निळ्या शाईचा, तिनंच उठवलेला. ती एवढंच म्हणाली, मी तर आपल्या वढ्याचं बोलले होते.

तेव्हापासून आम्ही ठराव असा लिहून नेतो: महसुली गावाचं नाव, वाडीचं नाव, ओढ्याचं स्थानिक नाव, जवळचा गट नंबर, मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, किती घरं, किती माणसं, शाळेत जाणारी पोरं किती, आणि मग वेळ. ‘पावसाळ्यात आरोग्य केंद्रात जाण्यास ४ तास १० मिनिटे लागतात, पैकी १ तास ४० मिनिटे पेशंट डोलीतून न्यावा लागतो.’ ही ओळ इतिवृत्तात चढली पाहिजे. सभा संपायच्या आत वाचून दाखवायला सांगा, जसं बोललात तसं लिहिलंय का बघा, मगच सही. आणि सरळ मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

नुसता ठराव पुरत नाही, तो गावच्या विकास आराखड्यात गेला पाहिजे, ‘आमचा गाव आमचा विकास’ म्हणतात तो. ई-ग्रामस्वराजवर चढलेला आराखडा उघडून आपलं काम त्यात आहे का बघा. नसेल तर त्या वर्षी पैसे मिळणार नाहीत, कोणी कितीही शब्द दिला तरी.

जंगलाची अडचण

आपल्या भागात अर्धी कामं ‘वनखात्याची जागा’ या दोन शब्दांवर अडतात. १९८५ ला कोयना अभयारण्य झालं, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, त्यात आपल्या काठाचा मोठा भाग येतो. मला हे जंगल आवडतं, ते राहिलंच पाहिजे, पण जंगल ठेवून वाट करता येते. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी आणि पाईपलाईन, विजेच्या तारा, रस्ता, समाजमंदिर अशा १३ सोयींसाठी वनजमीन देता येते, अट अशी की एका कामाला १ हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. प्रस्ताव ठरलेल्या नमुन्यात वनक्षेत्रपालांकडं जातो आणि मंजुरी उपवनसंरक्षकांच्या पातळीवर. अभयारण्यात आणखी परवानग्या मागतील, तरी ग्रामसभेचा ठराव हाच पाया. वाटेची रुंदी आणि लांबी गुणून क्षेत्र आधीच काढून न्या, ३ मीटर रुंद आणि २ किलोमीटर लांब वाट म्हणजे ६,००० चौरस मीटर, म्हणजे ०.६ हेक्टर, बसते. हे गणित समोर ठेवलं की बोलणं बदलतं, मी बघितलंय.

मागं लागायचं कसं

अर्ज दोन प्रतीत, एकीवर पोच. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा. पंचायतीत नाही झालं तर पंचायत समितीत गटविकास अधिकारी, त्यावर जिल्हा परिषदेत मुख्य कार्यकारी अधिकारी. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि ३० दिवसांत उत्तर, पण माझं ऐका, आधी समोर बसून दप्तर बघायला मागा, आपल्या छोट्या पंचायतीत बहुतेक वेळा दाखवतात आणि संबंध बिघडत नाहीत. उद्या त्याच ग्रामसेवकाबरोबर त्याच लाँचमध्ये बसायचंय.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम २ ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होतं, आणि आपण सगळे जातो यात्रेला, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, जेव्हा आराखडा होऊन बसलेला असतो. तेव्हा सुट्टी टाकायची तर ऑक्टोबरात टाका, सप्टेंबरच्या वीस-बावीस तारखेला फोन करून नोटीस लागली का ते विचारा. त्या दिवसांत धरण काठोकाठ असतं, लाँच वर गावाच्या जवळ लागते, म्हाताऱ्या माणसांनाही सभेला आणता येतं.